सेंद्रिय की रासायनिक? एकाच वावरात सहा वर्षं दोन्ही करून पाहिलं

अनेरकाठ (ता. चोपडा)

राम राम मंडळी.

आमचं नऊ एकर वावर आहे. काळी जमीन, एक विहीर, एक बोअर. साडेतीन एकर केळी, बाकी कपाशी आणि कपाशी उपटली की हरभरा नाहीतर मका. सहा वर्षांपूर्वी कपाशीतले दोन एकर मी वेगळे काढले. तिथे युरिया नाही, डीएपी नाही, विषारी औषध नाही. बांधापलीकडे सगळं नेहमीसारखं. पाणी तेच, सालदार तोच, पाऊस तोच. आता चार शब्द बोलावेत एवढं हाताशी आलंय, म्हणून धागा काढतोय. दोन्ही बाजूंनी जे ठोकून दिलं जातं ते वाचून जीव तुटतो, कारण त्यावर विसंबून कोणीतरी आपलं वर्ष पणाला लावतो.

आधी हे का सुरू केलं ते सांगतो. २०१७ साल. कपाशी छातीच्या वर गेली होती, बोंडअळीनं सगळे हवालदिल झाले होते आणि जो तो दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारत होता. आमचे वडीलही. दुपारी ते पंप पाठीवरच ठेवून बांधावर येऊन बसले. तोंडातून लाळ गळत होती, शब्द अडखळत होते. मी मोबाईलचा उजेड डोळ्यांवर धरला तर बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या बारीक झालेल्या. कपडे काढून विहिरीवर अंघोळ घातली, गाडीत घातलं, जळगावला नेलं. ॲट्रोपिनची, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं चालू होती तोवर मी बाहेर उभा होतो आणि माझ्या हातालाही त्याच औषधाचा वास येत होता. वडील वाचले. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. आमच्या घरचा माणूस त्या यादीत गेला नाही, एवढंच.

बीटी, म्हणजे बोंडअळीला स्वतःच मारणारं कपाशीचं बियाणं, आलं तेव्हा औषध मारायचं बंद होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. २००२ ला पहिलं बीटी, २००६ ला त्याची पुढची आवृत्ती बोलगार्ड २. सुरुवातीची वर्षं खरंच बरी गेली, हिरव्या बोंडअळीचा त्रास संपला. पण गुलाबी अळी शिकली. २०१५ च्या आसपास ती बीटीच्याच बोंडात मजेत जगू लागली. फुलाच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात, आपण तिला डोमकळी म्हणतो. ती हातानं उलगडली की आत परागकण खात बसलेली बारीक अळी सापडते. एकदा ती बोंडात शिरली आणि वर भोक बुजलं, की वरून कितीही महाग औषध मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. हे आम्हाला कळायला वडिलांचा जीव जाता जाता राहिला.

आता माझ्या दोन एकरांचा हिशेब.

पहिल्या वर्षी सेंद्रियात एकरी ३ क्विंटल, रासायनिकात ८. आई काही बोलली नाही, पण सालदार बोलला. दुसऱ्या वर्षी ४. तिसऱ्या वर्षी ५ च्या जवळ. गेली दोन वर्षं ६ येतात आणि बांधापलीकडे साडेसात. रासायनिकाचा एकरी खर्च २८,००० च्या घरात, सेंद्रियाचा १९,५००, त्यात घरची मेहनत आणि घरचं शेण धरलेलं नाही. भाव दोन्हीला एकच, कारण खेडा खरेदीवाला व्यापारी कापूस हातात घेऊन ओल आणि कचरा बघतो, तो कसा पिकवला हे विचारत नाही. ७,००० चा भाव धरला तर एकरी २४,५०० विरुद्ध २२,५००. म्हणजे रासायनिक अजूनही थोडं पुढेच आहे. हे लपवायचं नाही.

पण जमिनीत फरक पडलाय. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के होता तो ०.५६ झाला. आकड्यापेक्षा पायाला जास्त कळतं. पहिला मोठा पाऊस झाला की त्या दोन एकरांत पाणी मुरतं, पलीकडे पाटासारखं वाहतं. मे महिन्यात पलीकडे भेगांत हात जातो, इकडे बोटं जातात.

मग नऊच्या नऊ एकर का नाही केलं? कारण माझ्याकडे दोन बैल, एक गाय आणि दोन म्हशी आहेत. त्यांचं वर्षाचं कुजलेलं खत दोन एकरांपुरतंच होतं. मी दोन एकर निवडले असं नाही, गोठ्यानं निवडले.

केळीत सेंद्रिय करायची माझी अजून छाती झालेली नाही. कोणी पूर्ण केली असेल तर नवती (नवी लागवड) आणि पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलावर घेतलेली) दोन्हीचे आकडे सांगा.

केळीबाग (रावेर)

दादा, मनापासून लिहिलंत. वडिलांचं वाचून हात थांबला.

केळीचं सांगतो. विद्यापीठाची शिफारस झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० स्फुरद, २०० पालाश. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण साडेसतराशे झाडं. म्हणजे एकरी ३५० किलो नत्र. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र शेकडा अर्धा. ३५० किलो नत्र निव्वळ शेणखतातून द्यायचं तर एका एकराला ७० टन लागेल. ट्रॉलीत तीन टन धरा, तेवीस-चोवीस ट्रॉल्या झाल्या. दरवर्षी. आमच्या गावात केळी किती आणि गुरं किती हे तुम्हालाही माहीत आहे. बैल गेले, ट्रॅक्टर आले. शेणखत आम्ही आता बाहेरच्या जिल्ह्यांतून विकत आणतो, त्यात निम्मी माती असते आणि गवताचं बी फुकट येतं.

दुसरं, हरण्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा काकडीवर्गीय पिकांवरून येणारा विषाणू. पानावर पिवळे पट्टे पडतात, पोंगा सडतो. मावा तो पसरवतो. त्याला औषध नाही, रासायनिकही नाही आणि सेंद्रियही नाही. झाड उपटून गाडून टाकायचं आणि आजूबाजूला काकडी, भोपळा, दोडका ठेवायचा नाही, एवढाच इलाज. दोन वर्षांपूर्वी माझी अडीचशे झाडं उपटली. त्या वेळी एक जण सेंद्रिय अर्काची बाटली घेऊन आला, म्हणाला हरण्या बरा होतो. ४,००० रुपये दिले मी. असल्या वेळी माणूस काहीही विकत घेतो.

मी ड्रीपमधून खत देतो. थोडं थोडं, आठवड्यातून दोनदा. जमिनीवर फेकलेल्या युरियातलं निम्मं नत्र हवेत आणि पाण्यात जातं, ड्रीपमध्ये तसं होत नाही. माझा खर्च यातूनच उतरला. त्यामुळे मला विचाराल तर प्रश्न रासायनिक वापरायचं की नाही हा नाहीच, किती वाया घालवतो हा आहे.

जिरायती (शिंदखेडा)

तुमच्याकडे तापी आहे, अनेर आहे. आमच्याकडे आभाळ आहे. रासायनिक खत टाकून पावसानं पंधरा दिवस दडी मारली की पीकही जातं आणि उधारीही राहते. आमच्या भागात खत कमी वापरतात ते विचारानं नाही, भीतीनं. बाजरी, मूग, मठ, तीळ. वर्षभर घरात पुरतं. त्याला कोणी सेंद्रिय म्हणत नाही, गरिबी म्हणतात.

जुना कृषी सहायक

नोकरीत असताना मी युरियाची प्रात्यक्षिकंही घेतली आणि गांडूळखताचीही. दोन्ही वेळा वरून कागद आला होता. त्यामुळे आता निवृत्तीनंतर जे वाचलं आणि पाहिलं त्यावर बोलतो.

अनेरकाठ भाऊ, तुमचे आकडे वाचून मला सातपुड्यापलीकडचा एक प्रयोग आठवला. चोपड्याहून डोंगर ओलांडला की खरगोन जिल्हा लागतो, निमाड. माती आपलीच, काळी. पीकही आपलंच, कापूस. तिथे कसरावदजवळ २००७ पासून स्वित्झर्लंडच्या एका संशोधन संस्थेच्या साथीनं कापूस, सोयाबीन आणि गहू अशी फेरपालट सेंद्रिय, रासायनिक आणि बीटी अशा पद्धतींनी शेजारी शेजारी घेतली जाते. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रियात कापूस २९ टक्के आणि गहू २७ टक्के कमी आला. २००९-१० च्या दुसऱ्या फेरीत दोन्हींचं उत्पन्न बरोबरीला आलं. पण ते का, हेही नीट वाचा. सेंद्रिय फार वर चढलं असं नाही, रासायनिकाचं खाली आलं. नफ्यात पहिल्या फेरीत रासायनिक २९ टक्क्यांनी पुढे होतं, दुसऱ्या फेरीत सेंद्रिय २५ टक्क्यांनी, कारण खर्च कमी. सोयाबीन मात्र दोन्हीकडे फार वेगळं नव्हतं, ते हवेतलं नत्र स्वतःच बांधतं.

म्हणजे तुमच्या पहिल्या वर्षाचा खड्डा तुमचा दोष नव्हता. तो खड्डा सगळीकडे येतो. प्रश्न एवढाच की तो भरून येईपर्यंत शेतकऱ्यानं खायचं काय.

शेणखतावर पीक येतच नाही असं म्हणणाऱ्यांना इंग्लंडातलं रॉथमस्टेड सांगावंसं वाटतं. तिथे १८४३ पासून एकाच शेतात गहू घेतात. एका पट्ट्याला फक्त शेणखत, दुसऱ्यांना रासायनिक. शेणखताचा पट्टा दीडशेहून जास्त वर्षं चांगलं पिकतोय. पण त्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन खत पडतं, म्हणजे एकरी १४ टन. रावेरकर भाऊंचं म्हणणं इथेच येऊन मिळतं. खत मिळालं तर सेंद्रिय पिकतं. खत मिळत नाही, ही अडचण आहे.

आणि जीवामृताबद्दल. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांमुळे ते घराघरांत पोचलं आणि माणसं पुन्हा गोठ्याकडे वळली, हे त्यांचं मोठं काम. दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी, एका एकराला. आता दहा किलो ओल्या शेणात नत्र किती? चाळीस ग्रॅमच्या आसपास. तेवढं तर केळीच्या एका झाडालाही पुरत नाही. म्हणून ते खत नव्हे, विरजण आहे. विरजण लावायला आधी दूध पाहिजे. जमिनीत काडीकचरा, पाला, शेणखत, हिरवळीचं खत असेल तर जीवामृत त्याचं दही लावतं. रिकाम्या, भाजलेल्या जमिनीत ओतलं तर नुसतं पाणी.

आपल्याकडे तर हे आणखी अवघड. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. नांगरून उघडी टाकलेली जमीन दोन-अडीच महिने तापते आणि तिच्यातला कर्ब जळून हवेत जातो. थंड मुलखात एकदा घातलेलं खत वर्षानुवर्षं टिकतं, आपल्याकडे ते दोन पावसाळ्यांत संपतं. तुमचं ०.४२ चं ०.५६ झालं हे मला तुमच्या सहा क्विंटलपेक्षा मोठं वाटतं.

बोरीकाठची लेक (अमळनेर)

अनेरकाठ दादा, एक वाक्य पुन्हा वाचा. "घरची मेहनत धरलेली नाही." ती मेहनत कोणाची?

आमच्या बचत गटात अकरा बायका आहेत. निंबोळ्या वेचतो, सुकवतो, भरडतो. पाच किलो भरडा रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळायचा, साबणाचा चुरा घालून शंभर लिटर करायचा, म्हणजे पाच टक्के अर्क. मावा, तुडतुडे, पांढरी माशी कोवळ्या पिकावर असेल तर चांगला गुण येतो. अळी मोठी झाल्यावर येत नाही, ते आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. संध्याकाळी मारायचा, उन्हात त्याचा जोर जातो. मी याच्या बाजूनं आहे, माझं घर यावर चालतं.

पण हेही खरं की तणनाशक सोडलं की निंदणी येते आणि निंदणीला बाई वाकते. पुरुष म्हणतो मी सेंद्रिय शेती करतो. तो ड्रम ढवळतो. चार निंदण्या कोण करतं? शेण कोण काढतं? निंबोळी जूनच्या उन्हात झाडाखाली बसून कोण वेचतं?

आणि उलट बाजूही तशीच आहे. औषध पुरुष मारतो, पण दुसऱ्या दिवशी त्याच कपाशीत उघड्या हातांनी वेचणीला जाते ती बाई. तिच्या ओच्यात तो कापूस दिवसभर असतो. नवऱ्याचे फवारणीचे कपडे तिच्याच हातानं धुतले जातात. तिला चक्कर आली तर ऊन लागलं म्हणतात.

म्हणून हिशेब करा तो दोघांच्या मेहनतीचा करा. मजुरीच्या दरानं धरा, मग सांगा कोण पुढे.

खतदुकान (पारोळा तालुका)

मी कृषी केंद्र चालवतो, त्यामुळे मला इथे कोणी चांगलं म्हणणार नाही. तरी दुकानातून जे दिसतं ते लिहितो.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५०. शेतकरी काय उचलेल? युरियाच. पीक दोन दिवसांत हिरवंगार दिसतं, मन भरतं. पण नत्र जास्त झालं की पान लुसलुशीत होतं आणि रस शोषणारी कीड तिथेच येते, मग तो पुन्हा माझ्याकडेच औषधाला येतो. कपाशी लाल पडली की मी विचारतो मॅग्नेशियम दिलं का, माती तपासली का. शंभरातले पाच जण कागद दाखवतात. बाकीचे म्हणतात, शेजाऱ्यानं काय नेलं तेच द्या.

डब्यावरचा त्रिकोणही कोणी बघत नाही. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मी आता लाल ठेवतच नाही. कमाई कमी झाली, पण झोप लागते. अनेरकाठ भाऊंनी लिहिलेला तो दिवस माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरीही आला होता आणि डबा माझ्या दुकानातला होता.

आणि सेंद्रियच्या नावाखाली जे येतं त्यापासून सावध राहा. नुसतं "ऑरगॅनिक" लिहिलेल्या, आत काय आहे याचा पत्ता नसलेल्या बाटल्या. एखाद्या बाटलीनं अळी तासाभरात तडफडून मेली तर समजा की आत अर्क नाही, रसायनच आहे. २०२१ पासून जैव उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली, तेव्हापासून नोंदणी मागायचा अधिकार तुम्हाला आहे. मागा. दुकानदाराला राग आला तर दुकान बदला.

पुण्यातली भुसावळकर

माहेर भुसावळ, गेली वीस वर्षं पुण्यात. मी दुप्पट भाव देऊन सेंद्रिय डाळ आणि गूळ घेते. प्रामाणिकपणे विचारते, मी फसतेय का? दुकानात सगळे हिरवं पान छापतात. भरताची वांगी तर मी अजूनही जळगावहून येणाऱ्याकडे मागवते, त्यावर काय मारलेलं असतं?

जुना कृषी सहायक

ताई, पाकिटावर दोन गोष्टी बघा. एक, एनपीओपीचं प्रमाणपत्र, हे केंद्राचं २००१ पासूनचं आहे, बाहेरची संस्था तपासणी करते. हंगामी पिकाला दोन वर्षं, बहुवार्षिकाला तीन वर्षं रूपांतराची काढावी लागतात, तोवर माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. शेतकऱ्यासाठी हाच काळ सर्वांत जड, उत्पन्न कमी आणि भाव साधा. दोन, पीजीएस. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतो. खर्च कमी, पण निर्यातीसाठी हे चालत नाही. दोन्हीपैकी काहीच नसेल तर तुम्ही पानाचे पैसे देताय.

वांग्याचं म्हणाल तर ते शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचं लाडकं पीक. म्हणून त्यावर फवारण्या जास्त पडतात. तोडणीआधी किती दिवस फवारायचं नाही हे प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळलं तर रासायनिक वांगंही खायला हरकत नाही. न पाळणारे आहेत. मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाला भाजीवर बंदी होती, तरीही मी ते भाजीत मारताना पाहिलंय. जो भरताची वांगी पाठवतो त्याला शेवटची फवारणी आणि तोडणी यांची तारीख विचारा. दोनदा विचारलंत की तो स्वतःच लक्षात ठेवू लागेल.

सातपुडा पायथा (शहादा)

इकडे पपई, मिरची आणि ऊस. मिरचीत बोकड्या (पानं आकसणारा रोग) आला की लोक आठवड्याला फवारतात. आणि इथून वर घाट चढून धडगावकडे गेलं की डोंगरउतारावर ज्वारी, भगर, उडीद, तूर एकाच पट्टीत. तिथे खताची गोणी खांद्यावर न्यायची ताकद आणि पैसा दोन्ही नाही. आंबा झाडाखालून वेचून आमचूर करतात. तो माल खरा बिनविषाचा. त्याला बाजारात सेंद्रियचा भाव मिळत नाही, कारण कागद नाही. मला हे फार टोचतं. कागद करून द्यायला कोणी वर चढत नाही.

केळीबाग (रावेर)

सहायक काकांनी श्रीलंकेचं लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये तिथल्या सरकारनं रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. सहा-सात महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला, तोवर भाताचा हंगाम बसला होता. आदेशानं शेती बदलत नाही. अनेरकाठ दादांना दोन एकरांना सहा वर्षं लागली, तीही घरी जनावरं असताना.

अनेरकाठ

सगळ्यांचं सावकाश वाचलं. बोरीकाठच्या ताई, तुमचं वाक्य रात्री घरात वाचून दाखवलं. बायको हसली नाही, वही घेऊन आली. तिच्याकडे वेगळी वही आहे हे मला आजवर माहीत नव्हतं.

तिच्या वहीतला हिशेब असा. सेंद्रियाच्या दोन एकरांत चार निंदण्या, पलीकडे दोन. जादाच्या दोन निंदण्यांना एकरी सोळा रोज. गोठा, खड्ड्यात शेण टाकणं, जीवामृत, निंबोळी, सगळं मिळून तिचे आणि आईचे एकरी आणखी दहा-बारा रोज. २५० रुपये रोज धरला तर एकरी सात हजार. म्हणजे माझ्या २२,५०० चे १५,५०० उरतात. सेंद्रिय माझ्या सांगण्यापेक्षा बरंच मागे आहे. सहा वर्षं मी लोकांना चुकीचा आकडा सांगत होतो.

मग बंद करू का, असं मीच तिला विचारलं. ती म्हणाली, "त्या दोन एकरांत वेचायला गेले की हाताची आग होत नाही. बंद नका करू. निंदणीला माणूस लावा." तर यंदापासून निंदणीला रोजंदारी लावणार आणि ती खर्चात धरणार.

बाकीच्या वावराचं असं ठरवलंय. नऊ एकर सेंद्रिय करायचं स्वप्न सोडतो, तेवढं शेण मला कधीच मिळणार नाही. पण रासायनिकात युरिया अंदाजानं नाही, माती परीक्षणावर. कपाशीची लागवड जूनच्या आधी नाही, मे मधल्या पूर्वहंगामी कपाशीवरच गुलाबी अळीची पहिली पिढी पोसली जाते. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच पंप उचलायचा. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही कपाशी पुढे ठेवणं, नाही. डिसेंबरअखेर वावर रिकामं. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं नव्हे तर मास्क, याशिवाय सालदारालाही पंप द्यायचा नाही.

केळीचं खोड आजवर आम्ही बांधावर ओढून फेकत होतो. आता जागेवर तुकडे करून वावरातच कुजवणार. एवढा पालाश झाड जमिनीतून काढतं, तो खोडात पडलेला असताना आपण पोटॅशची गोणी विकत आणतो, हे रावेरकर भाऊंचा हिशेब वाचताना लक्षात आलं.

एक अडचण उरली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. साडेपाच एकरांची पऱ्हाटी दरवर्षी निम्मी चुलीला जाते, निम्मी पेटवून देतो. तुकडे करणारा श्रेडर भाड्यानं मिळतो, कुट्टी करून खड्ड्यात घालावी असं मनात आहे. पण गुलाबी अळीचे कोष सुकल्या बोंडात राहतात. कंपोस्ट करून मीच अळी सांभाळतोय असं तर होणार नाही ना?

जुना कृषी सहायक

चांगला प्रश्न विचारलात. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवली तर नक्की होईल, पुढच्या पावसात पतंग तिथूनच उडतात. कुट्टी केली तर बरेच कोष तिथेच चिरडले जातात. उरलेले ढीग तापला तर मरतात, नाही तापला तर नाही. म्हणून नुसती पऱ्हाटी घालू नका, ती सुकी आणि कडक, कुजायला नत्र मागते. एक थर कुट्टी, वर शेणकाला, वर हिरवा पाला नाहीतर ओलं केळीचं खोड, असे थर द्या. पिळल्या फडक्याइतकी ओल ठेवा. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची पद्धत बसवली, तीही काळ्या मातीच्या कापूस-मुलखातच, आणि पऱ्हाटी कुजवणं हे त्यातलं एक मोठं काम होतं. आपण डोंगरापलीकडच्या माणसाचं जुनं शहाणपणच परत आणतोय.

ढिगाच्या मधोमध एक लोखंडी सळई खुपसून ठेवा. पाचव्या-सहाव्या दिवशी ओढून काढा आणि मुठीत धरा. धरवली नाही तर समजा आत साठ अंशांच्या आसपास गेलंय. धरवली तर ढीग उलथा, पाणी आणि शेणकाला वाढवा, पुन्हा खुपसा. महिन्यात दोनदा उलथला म्हणजे कडेची कुट्टी मध्ये येते.

बोरीकाठची लेक (अमळनेर)

आणि उलथायला माणूस लावा दादा.

अनेरकाठ

लावला. श्रेडरवाला पुढच्या गुरुवारी येतोय. सळई विहिरीच्या जुन्या कठड्याची आहे, पाच फुटी. सहाव्या दिवशी काय झालं ते इथेच लिहितो.